साहेबांच्या आवाजातला फोन

हे मी आईलासुद्धा बोललो न्हाई. तुला सांगतोय — पन हसू नको. मी तोंड उघडलं की लोकं हसायलाच बसत्यात, तीच तर बोंब हाय माझी.

नागापूर एमआयडीसीत कापड रंगवायच्या कारखान्यात मी बॉयलरवर हाय. आवाज काढतो — सरपंच, मास्तर, बोकड, काय पन. मोठ्या साहेबांचा तर आसा, की त्यांचं कुत्रं फसंल. लई माज हुता मला त्याचा. थू त्या माजावर!

शेजारच्या शेडात राहुरीच्या विद्यापीठात शिकलेल्या एक मॅडम हुत्या. रंगाचं घान पानी साफ करायला त्यांनी साबुदान्याएवढ्या गोळ्या बनवल्या. गोळीत एन्झाइम कोंडलेलं — ते रंग तोडतं, आन पान्यासंगं वाहून जात न्हाई, म्हनून त्याच गोळ्या पुन्हा पुन्हा चालत्यात. अट एकच — पानी निववून सोडायचं. गरम गेलं की एन्झाइम खलास. आमच्या ओढ्याला लाल पानी जातं ना? ते थांबलं आसतं.

मग मी काय केलं? — सांगतो, थांब की.

दुपारी बॉयलरवरनं शेडात मॅडमना फोन लावला. साहेबांच्या आवाजात. "टाकी भरलीये. पाणी गरमच सोडा."

"सर, गोळ्या जातील हो सगळ्या!"

"मला शिकवू नका. सोडा म्हणतो ना!"

फोन ठेवला आन पोट धरून हसलो. वाटलं, चहा पिऊन येतो, मग सांगतो गंमत केली म्हनून. चहा! येऊन बघतो तर गोळ्यांतून वाफाळतं पानी चाललेलं. आत जाताना लाल, भाईर पडताना बी लालच. मॅडमची चार म्हैन्यांची मेहनत — माझा एक कप चहा.

साहेब आले. "मी? मी कधी फोन केला?"

"सर, तुमचाच आवाज होता."

"स्वतःची चूक माझ्यावर ढकलता?"

मॅडम माझ्याकडं वळल्या. "तू शेजारीच होतास ना रे? फोनची घंटा तरी ऐकलीस ना?"

शंभर आवाज काढनारं हे तोंड — त्यातनं काय निघालं म्हाईतीय?

"न्हाई मॅडम."

त्यांना सांजच्यालाच घरी पाठवलं. कायमचं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पोरं म्हनली, "ए, मॅडम करून दाखव की!"

आन मी केलं. "सर, तुमचाच आवाज होता" — रडका सूर, थरथरती मान, सगळं. टाळ्या पडल्या.

मी परत केलं.