तूस उडालं पाहिजे

इंग्रजी भाषेत आजही ज्या काही चुका शिल्लक आहेत, त्या केवळ ती भाषा आमच्या आत्याच्या हाती उशिरा पडली म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवरा वारला तेव्हा ती माहेरी परतली, आणि सगळा गाव हळहळायला आमच्या ओटीवर जमलेला असताना तिने जाहीर केलं की मी आता शिकणार. शिकली, कर्जतला शाळेत इंग्रजीची बाई झाली, आणि पुढची सगळी वर्षं भातशेतीवाल्यांच्या पोरांशी एका अक्षरावरून भांडली. ते अक्षर म्हणजे ह. आमच्या भागात ह कुणी मनावर घेत नाही. 'आहे'ला 'हाय' म्हणण्यापुरता तो तोंडातून निघतो. बाकी आमी, तुमी, सगळीकडे गिळलेला. आत्याने त्यावर उपाय काढला होता. पोराच्या तळहातावर चिमूटभर भाताचं तूस ठेवायचं, हात तोंडासमोर धरायचा आणि म्हणायचं, "टेल हर टू कम हिअर." तिला सांग, इकडे ये. 'हर'ला आणि 'हिअर'ला तूस उडालं तर ते इंग्रजी. नाही उडालं तर पुन्हा. तिच्या वर्गातलं तूस पाहून एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बाई, इथे शाळा भरते की भाताची गिरणी चालते?" आत्या म्हणाली, "दोन्हीकडे टरफलंच काढायची असतात, साहेब." साहेबांनी शेरा काय लिहिला ते तिने कधी विचारलं नाही.

पन्नाशीला टेकल्यावर माणसं गुडघ्यांना तेल चोळू लागतात. आत्याने एका रात्री जेवताना सांगितलं की मी नोकरी सोडून टांझानियात इंग्रजी शिकवायला चालले. मुंबईची कुठलीशी सेवाभावी संस्था मास्तर पाठवते. तिकडे जेवणखाण आणि राहायला खोली.

"आन् पगार?" वडिलांनी विचारलं.

"पगार नाय."

"फुकटच शिकवायचं तर इथली पोरं काय मेली काय?"

"इथल्या पोरांना माझ्याबिगर चार मास्तर हायेत, दादा. तिथं येक पण नाय."

"बाईमाणूस, येकटी, आफ्रिकेत! लोकं काय म्हणतील?"

"मी घरी परत आले तवा लोकं म्हणाली, शिकाया गेले तवा म्हणाली. आता म्हणायची थांबली तर मलाच चुकल्यासारकं वाटंल." मग ती हळू आवाजात म्हणाली, "खोपोलीला रेल्वेचे रूळ संपतात रं. माजं सगळं आयुष्य त्याच्या अलीकडंच गेलं. पलीकडं काय हाय ते बगू तरी दे."

वडील ताटावरून उठले. तिला शिकवायचं म्हणून एके काळी सगळ्या भावकीशी भांडलेला हाच एकटा माणूस. त्यामुळे आत्याला जगात कुणाच्या होकाराची पर्वा नसली तरी या एकाच्या होकाराची होती, आणि नेमका तोच मिळत नव्हता. त्यांचंही खरं कारण लोक नव्हतेच. बहीण एवढ्या लांब जाऊन परत दिसेल की नाही, या धास्तीने त्यांचा जीव खालीवर होत होता. पण आमच्याकडच्या पुरुषांना काळजी वाटली की ती रागासारखीच दिसते.

होकार नाही म्हणून तयारी थांबेल तर ती आत्या कसली! तिकडे मक्याच्या पिठाचा गोळा खातात असं तिला कुणी सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरात भात बंद आणि मक्याचा गोळा चालू. भात पिकवणारं घर मक्यावर जगतंय हे बघायला शेजारणी मुद्दाम पीठ मागायला येत. तिकडच्या शाळेत फळा नसला तर? म्हणून तिने आवणात भाताची रोपं लावायला वाकलेल्या बायकांना बांधावरून 'धिस इज माय हँड' शिकवलं, आणि बायकांनी चिखलाचे हात वर करून ते म्हटलं. खालापूरच्या स्टँडवर कंडक्टरला तिने इंग्रजीत बस विचारली, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "बाई, मी तुमच्याच वर्गात नापास झालोय. बसा आता." घरात मीठ मागायचं तर इंग्रजीत मागायचं असा तिने दंडकच घातला. आईसुद्धा तूस हातावर घेऊन 'टेल हर टू कम हिअर' म्हणायला शिकली. वडिलांनी मात्र एक शब्द काढला नाही. ते मिठाकडे बोट दाखवत, आणि आत्या डबा हातात धरून वाट पाहत बसे. शेवटी बरेचदा वडील अळणीच जेवत.

मुंबईला मुलाखतीला तिच्याबरोबर मी गेले होते. तीन माणसं टेबलामागे बसलेली, आणि आत्याने त्यांना अशी काही फाडफाड उत्तरं दिली की मुलाखत नक्की कोण घेतंय तेच कळेना. सगळं झालं. आत्या उठली, नमस्कार केला आणि म्हणाली, "ओके सर, आय कम." मधले सूटवाले साहेब हसले. "मॅडम, यू मीन, आय गो." आता इंग्रजी शिकवायला निघालेल्या बाईने येणं आणि जाणं यातच घोटाळा केला, तर तिला कोण पाठवणार? मी तिचा पदर ओढला. आत्या तसूभर हलली नाही. "नो सर," ती म्हणाली. "गो इज फॉर डेड पीपल. आय ॲम अलाइव्ह. आय कम." मग कडेला बसलेल्या वयस्कर बाई खळखळून हसल्या, आणि आत्याची निवड झाली. परत येताना मी म्हटलं, "अगं आत्या, ते बरोबर बोलत होते." ती म्हणाली, "त्यांचं व्याकरण बरोबर हाय गं. पन निगताना 'जाते' म्हणायला माजी जीभ नाय वळायची. इंग्रजांनीच शिकून घ्यावं."

निघायच्या दिवशी पत्र्याच्या ट्रंकेत चार पातळं, एक गोधडी, सुकटीचा डबा आणि तुसाची पिशवी भरली. "तिथं भात पिकतो की नाय, कुणाला ठावं?" अंगणात अर्धा गाव जमला. वडील ओटीवर पाठ फिरवून विळ्याला धार लावत बसले होते. आत्या पायरीशी उभी राहिली.

"दादा, येते."

निघणाऱ्याने 'येते' म्हणायचं आणि राहणाऱ्याने 'ये' म्हणायचं, एवढी साधी रीत. विळा घासण्याचा आवाज चालूच राहिला.

"येते रं, दादा."

"जा," वडील म्हणाले.

आईने तोंडावर हात ठेवला. आत्याचा चेहरा क्षणभर उतरला. मी तो पाहिला. पण लगेच ती सगळ्यांकडे वळून मोठ्याने म्हणाली, "आमच्या दादाला व्याकरण कदी आलंच नाय!" आणि ताठ मानेने चालू लागली. फाटकापर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही. वडिलांनी त्या दिवशी विळा इतका घासला की त्याचं पातं निम्मं झालं असावं.

वर्षं गेली. संस्थेची मुदत संपली तरी आत्या तिकडेच राहिली. ख्यालीखुशाली कळे, पण येण्याबद्दल ती काही कळवत नसे, आणि वडील काही विचारत नसत. मग एके दिवशी एक उंच, काळासावळा तरुण पत्ता विचारत दारात आला. आत्याचा तिकडचा विद्यार्थी. पुण्याला कॉलेजात शिकायला आला होता, आणि टीचरनी बजावल्यामुळे वाटेत कर्जतला उतरला होता. तो आत्याच्या गोष्टी सांगत होता, मी मराठीत सांगत होते, आई डोळे पुसत होती. टीचर आता तिकडच्याच भाताचं तूस वापरतात म्हणाला. वडील खांबाला टेकून नुसते ऐकत होते. शेवटी तो उठला, वडिलांसमोर हात जोडले आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "येते."

त्याला बघायला अंगणात जमलेली पोरं फिदीफिदी हसली. "अरे, येतो म्हण, येतो!" पण तो तरी काय करणार? रोज शाळा सुटताना जिच्या तोंडून तो शब्द ऐकला ती बाई होती. वडील हसले नाहीत. तो शब्द त्यांना कुणी म्हटला ते त्यांना बरोबर कळलं. खांबाला धरून ते उठले, पायऱ्या उतरले, त्या पोराचा दंड धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी बोलले.

"टेल अर टू कम इअर."

त्यात एकही ह नव्हता. आत्या असती तर तिने त्यांच्या हातावर तूस ठेवून ते पुन्हा म्हणायला लावलं असतं. आणि वडिलांनी म्हटलं असतं, ती म्हणेल तितक्या वेळा.