भोंग्याची तार

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही मला आरोपीपेक्षा स्वतःचाच जास्त राग येतो.

पुण्यात आयटीची लाट आली होती, ते दिवस. वारज्याच्या पुढे, आमच्या हद्दीच्या टोकाला, एका तलावावर खासगी बोट क्लब होता. बुडणाऱ्यांना काढायला क्लबने एक मोटारबोट ठेवली होती. पलीकडच्या काठाला पोहोचायला तिला सहा मिनिटे लागत, आणि बुडणारा माणूस सहा मिनिटे वाट बघत नाही. क्लबच्या सभासदांपैकी एका तरुण इंजिनिअरने लॅपटॉप जोडून इंजिनाचे प्रोग्रॅमिंग बदलले आणि तेच अंतर चार मिनिटांवर आणले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचणीच्या पुढच्याच फेरीत भर वेगात इंजिन जाम झाले, बोटीला जोरदार हिसका बसला आणि चालक पुढच्या लोखंडी कठड्यावर आदळला. त्याचा हात मोडला, खांद्याचे हाडही गेले.

त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "इंजिनाच्या कंपनीनं घालून दिलेली मर्यादा त्या लॅपटॉपवाल्यानं काढली. इंजिन तापणारच होतं. धरा त्याला."

खरे सांगतो, मला तो फोन फार आवडला. मी तेव्हा जळत होतो. ही पंचविशीतली आयटीवाली मंडळी चारचाकीतून यायची आणि न विचारता खुर्ची ओढून समोर बसायची. त्यात ठाण्यात नवी महिला उपनिरीक्षक आली होती. आम्ही ज्या संगणकावर कापड घालून ठेवले होते, तो तिने आठवड्यात चालू केला. वरिष्ठ तपासणीला आले ते मला सोडून तिच्याशीच बोलत बसले. चोवीस वर्षे नोकरी झालेला मी बाजूला फायली धरून उभा! त्या दिवशी मी डबासुद्धा उघडला नाही.

इंजिनिअर अमरावतीकडचा, शांत मुलगा. म्हणाला, "सर, बेसिकली हेच इंजिन जास्त ताकदीचं म्हणूनही विकतात. फरक फक्त सॉफ्टवेअरचा. मी लिमिट वाढवलं. जास्त तापेल हे माहीत होतं, म्हणून चालकाला सांगितलं होतं की धोक्याचा भोंगा वाजला की लगेच वेग कमी करा."

"मग वाजला का?"

"ते म्हणतात, नाही वाजला."

"वा! म्हणजे तो पण तुमच्या सॉफ्टवेअरनं खाल्ला. बसा बाहेर."

येत्या सोमवारी त्याची कंपनी त्याला परदेशी पाठवणार होती. त्याच्याकडून काढून घेतलेला पासपोर्ट माझ्या कपाटात होता. निष्काळजीपणाने जीव धोक्यात घातल्याबद्दल अटक दाखवली असती, तर व्हिसा गेला असता. हे मला पक्के ठाऊक होते, आणि तरी मी त्याला दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवले.

दुसऱ्या दिवशी उपनिरीक्षक म्हणाली, "सर, इंजिनाच्या मेमरीत नोंद राहते. इंजिन कंपनीच्या माणसाकडून वाचून घेऊ का?"

"बाई, आधी पंचनामा लिहायला शिका," मी सगळ्यांदेखत म्हणालो. पुढच्या सकाळी मात्र तिने परवानगीचा कागद टाईप करून टेबलावर ठेवला. ती तोंडावर आपटेल, या आशेने मी सही केली.

आपटलो मीच. मेमरी सांगत होती, की इंजिन तापले होते आणि भोंग्याला दोन मिनिटे इशारा जात होता. चालक तर इस्पितळातून शपथेवर सांगत होता, की आवाज आलाच नाही. म्हणजे घोटाळा मधल्या तारेत. आम्ही पंचांसमोर इंजिनाचे झाकण उघडले. तार कापलेली होती आणि कापलेल्या टोकावर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पट्टीचे शेवटचे टोकही दुमडलेले, पुन्हा सोडवताना नखाने खरवडायला लागू नये म्हणून. नुसती नासधूस करणारा एवढी काळजी घेत नाही. हा सरावलेल्या कारागिराचा हात होता.

क्लबच्या बोटींची इंजिने वीस वर्षे एकच माणूस बघत होता, कसबा पेठेतले एक मिस्त्री. त्यांना मानाने बोलावले, चहा मागवला.

"मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय साहेब?" ते म्हणाले.

जळणाऱ्या माणसाला रागावून उपयोग नसतो. त्याच्या कामाला नाव ठेवावे. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवले नव्हते, मी स्वतःवरून ओळखले. उपनिरीक्षकेला मोठ्याने म्हणालो, "लिहून घ्या. कुणा नवशिक्यानं तार कशीतरी तोडली आणि उघडीच टाकली."

मिस्त्रींनी कप आदळला. "उघडी? पाण्यातल्या बोटीत उघडी तार ठेवीन मी? नीट पट्टी घातलीय, दुमडून!"

आपण काय बोलून गेलो ते कळताच त्यांनी डोके धरले. "वीस वर्षं क्लबची इंजिनं माझ्या हाताखालची. त्या पोरानं एका शब्दानं विचारलं नाही हो. वाटलं, इंजिन जाम होईल, त्याची फजिती होईल. माणूस आदळेल असं मनातही नव्हतं." फोनही त्यांनीच केला होता.

शनिवारी मी इंजिनिअरला पासपोर्ट परत दिला. तो ओरडेल असे वाटले होते. तो म्हणाला, "चूक माझीही आहे, सर. वाढलेल्या वेगात इंजिन थंड करायला पाणी पुरेल का, हे मिस्त्रींना विचारायला पाहिजे होतं. त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं असतं." बोट जलद पोहोचावी हा विचार चांगलाच होता, फक्त त्यात दोघांची अक्कल लागणार होती. आणि मला त्यातला एकच माणूस गुन्हेगार हवा होता, तोही माझ्या आवडीचा.

मिस्त्रींना कोर्टात नेताना जीपमध्ये ते मला म्हणाले, "साहेब, खरंच चार मिनिटांत पोचत होती?"

"हो."

त्यांनी तोंड बाहेर वळवले. "हुशार आहे पोरगा," म्हणाले, आणि रडायला लागले.

उपनिरीक्षक माझ्या मागेच बसली होती. तिच्याबद्दल असेच एक वाक्य माझ्या तोंडाशी आले होते. कोर्ट आले तरी ते काही बाहेर पडले नाही. पुढे त्या तपासाचे प्रशस्तिपत्र आले, ते माझ्या एकट्याच्या नावाने, आणि मी ते घेतले.