गाठ धरेपर्यंत

करीमचाचा रोग्याचं नाव विचारायच्या आधी गळवावर अंगठा ठेवायचे. कातडी सरकवून पाहायचे. ती गळवावर सुटी हलली, की चाकू परत गुंडाळायचे. "अजून धरलं नाई. थांबा." अकोल्यात गळवं चिरणारे जर्राह पुष्कळ होते, थांबणारा हा एकच.

माझ्या आईच्या उजव्या बरगडीखाली लिंबाएवढी गाठ आली, डोळे पिवळे झाले. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेली ती वर्षं. कापसाच्या गाड्यांतून वाट काढत मी तिला दमणीतून अमरावतीच्या गोऱ्या डॉक्टरकडे नेलं. पित्ताशयात खडे आहेत म्हणाला, आणि विलायतेतही पित्ताशयाला कोणी चाकू लावत नाही. अफूच्या गोळ्या दिल्या.

चाचांना हे सांगितलं तर ते हसले. "त्यायच्या मुलकात दुखणं निजवतात, आपुन त्याले वाट करून देतो. पन गाठ आतून कातडीले चिकटली पायजे. नाई तं पित्त पोटात सांडते, मंग मानूस वाचत नाई." नांदगावच्या एका माळणीचे खडे त्यांनी असेच काढले होते. जखमेत कापसाची वात ठेवून सहा महिने हिरवं पाणी वाहू दिलं होतं. ती बाई अजून बाजारात वांगी विकत होती.

चाचा रोज सकाळी यायचे, अंगठा ठेवून परत जायचे. नवव्या दिवशी अफू संपली. आईचं कण्हणं मला ऐकवेना. कापसाच्या धंद्यानं मला घाईची सवय लावली होती. थांबणारा माणूस मला भित्रा वाटायचा. ओसरीवर चार माणसांदेखत मी म्हणालो, "चाचा, हात थरथरते काय आता तुमचा? तसं असंन तं दुसरा पायतो."

त्यांचा चेहरा उतरला. "कातडी हलते ना रे अजून," ते पुटपुटले.

"करा भाऊ," आई म्हणाली. "मले सोसवत नाई."

त्यांनी चाकू काढला. तिसऱ्या दिवशी पोट फुगून आई गेली.

मातीला चाचा आले. लोकांनी विचारलं, कसं झालं? मी लाकडं सारखी करायला वळलो. चाचाच म्हणाले, "मायी चूक. मी घाई केली." त्यानंतर त्यांच्याकडे कोणी फिरकेना. लाज वाटून मी एकदा गेलो, म्हणालो, खरं काय ते सांगून टाकतो.

"काहून?" ते म्हणाले. "बोलनारे बोलतच रायते. चाकू माया हातात होता. नाई म्हनता आलं पायजे होतं मले."

चाचा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. अकोल्यात अजून म्हणतात, उतारवयात करीम जर्राहाचा हात बिघडला होता. माझ्यादेखत म्हणतात, आणि मी मान डोलावतो.