तीन पाय भरलेलं वासरू

आमच्या घरी खेळणं आलं की ते आधी लेकराच्या हातात जायचं नाही, मामांच्या हातात जायचं. मामा म्हणजे माझे सासरे. ते खेळणं कानाशी धरत, बोटाच्या पेराने ठोकत, डोळे मिटून ऐकत आणि एखाद्या डॉक्टरने वाईट बातमी द्यावी तशा आवाजात सांगत, "पोकळ हाय." देणारा समोर बसलाय, त्याला काय वाटेल, याची फिकीर नाही. मुरबाडला नणंदेच्या मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी भेट आलेली सगळी खेळणी ओळीने ठोकून पाहिली होती. पाहुणे हातातला केक तसाच धरून निकालाची वाट बघत होते. सगळी खेळणी नापास झाली.

मामांचं उभं आयुष्य टोकावड्याला, रस्त्यालगतच्या एका गॅरेजात गेलं. घाटात आपटलेल्या जीपा तिथे यायच्या. पत्रा ठोकून सरळ करायचा, उरलेल्या खळग्यांत लांबी भरायची, घासायची, मग रंग. लांबी म्हणजे तो राखाडी, उग्र वासाचा लगदा. हार्डनर घालून कालवला की बघता बघता त्याचा दगड होतो. इतकी वर्षं चेपलेल्या गाड्या बघून मामांनी एक निष्कर्ष काढला होता. "जे पोकळ आसतं ना गो, तेच चेपतं," ते मला सांगत. गॅरेज सुटलं, गाड्या हातातून गेल्या, पण निष्कर्ष आणि लांबीचा डबा घरी आला. मग खेळण्यांची पाळी आली.

पद्धत ठरलेली. प्लास्टिकच्या बैलाच्या पोटाला किंवा खुराखाली भोक असतंच. नसलं तर मामा गरम खिळ्याने पाडत. आत आधी नदीतले बारीक खडे सारायचे, म्हणजे लांबी कमी लागते. मग पत्र्याच्या तुकड्यावर लांबी कालवून पत्तीने दाबत दाबत भरायची. लांबी कालवल्यावर त्यांना हाक मारायची सोय नव्हती. माझा भाऊ शहापूरहून स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला, तेव्हा मामांनी मान वर न करता त्याला अंगणात थांबवलं. का, तर जिराफाची मान अर्धी भरली होती. भाऊ बिचारा पत्रिकेने वारा घेत उभा राहिला.

भरलेलं जनावर सुकताना आतून ऊब देतं. मामा भोक पुसून, घासून ते माझ्या मुलीच्या, मनूच्या हातात देत आणि म्हणत, "बघ, जित्तं झालं." मनू ते गालाला लावून बसायची. तेव्हा मला मामांचा राग कधीच आला नाही. राग यायचा तो फडताळावरून घोडा पायाच्या अंगठ्यावर पडला की. सासूबाईंनी मात्र या प्राणिमात्रांना कामाला लावलं होतं. हत्ती दार वाऱ्याने आपटू नये म्हणून, गेंडा पापडांच्या कपड्यावर, आणि दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर म्हसेच्या जत्रेतला बैल. "मांजराची काय टाप हाय," सासूबाई म्हणायच्या. मामांना त्यात आपला गौरव वाटायचा.

एकदाच त्यांची फजिती झाली. मनूला अंघोळीसाठी पिवळं बदक आणलं होतं. ते मामांनी ठोकलं आणि व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी मनूने ते बादलीत सोडलं, ते सरळ तळाला गेलं. ती काठाला धरून ते वर यायची वाट बघत राहिली. मामांना बोलावणं गेलं. ते बादलीत डोकावले, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "बुडी मारलीय त्यानं. मासा गावंल तवा येईल वर." मनूने मासा मिळायला किती टाइम लागतो ते विचारलं. त्याच दुपारी मामा एसटीने मुरबाडला जाऊन नवं बदक घेऊन आले. ते त्यांनी भरलं नाही, पण न्हाणीघरापुढून जाताना त्याच्याकडे असं बघायचे, जणू घरात कुणी आजारी आहे.

मग आमचं बदलापूरला जायचं ठरलं. माझ्या नवऱ्याची नोकरी तिकडे, रोजची ये-जा झेपेना, आणि मनूची शाळाही तिथेच बघितली होती. मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं हाय. पोरगी शिकंल." मात्र त्या दिवसापासून घरात लांबीचा वास हटेना. मला वाटलं, करमत नसेल, भरू देत.

टेम्पो आला त्या सकाळी खुलासा झाला. मनूच्या खेळण्यांचं खोकं टेम्पोवाल्याला उचलेना. "वहिनी, यात काय वरवंटे भरलेत?" तो म्हणाला. उघडून बघितलं तर बाहुल्यांची डोकी, भातुकलीतल्या केळ्या-आंब्यांच्या पोटात लांबी, आगगाडीचे डबे भरलेले, इतकंच काय, खुळखुळ्याचा आवाज गेलेला. मामा पडवीत दुसरीकडे तोंड करून बसले होते. "जड हाय तर ऱ्हाऊ द्या हितंच," ते म्हणाले, "खेळनी हितं असली म्हंजे पोरगी बी…" आणि तिथेच अडले. सासूबाई आतून म्हणाल्या, "सरळ सांगा ना, नातीला ठेवून जा म्हनून. एवढी लांबी कशाला घालवली?" कुणीच हसलं नाही. सामान मात्र चढत राहिलं, कारण शाळेची फी भरली होती आणि खोली घेतली होती.

निघताना मामा मनूजवळ आले. त्यांच्या हातात प्लास्टिकचं तांबडं वासरू होतं, मुठीत मावेल एवढं. "ह्याचं तीन पाय भरलेत," ते म्हणाले. "चौथा ऱ्हायलाय. लांबी संपली. पुढच्या टायमाला आलीस की भरू." मनूने ते खाली ठेवून बघितलं. ते एका बाजूला कललं, पण पडलं नाही.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो, वासरू घेऊनच. लांबी संपलेली. त्याच्या पुढच्या खेपेला मुरबाडचं दुकान बंद होतं. मग हार्डनर खराब निघालं. मनू प्रत्येक वेळी वासरू पुढे करायची, मामा त्याचा तो पाय ठोकून ऐकायचे, हळहळायचे आणि तारीख पडायची. आम्हालाही सुट्टी दिसली की एसटी धरायची सवय लागली. वासराचा पाय राहिलाय म्हणताना नवऱ्यालाही नाही म्हणता येईना. एकदा मी माळ्यावरून सूप काढायला गेले, तर मागे लांबीचा डबा, काठोकाठ. मी तो खाली आणून मामांपुढे ठेवला. "मामा, हे काय?" ते जराही गडबडले नाहीत. "ती लोखंडाची लांबी गो," म्हणाले, "प्लास्टिकला नाय चालत." असल्याच लांबीने त्यांनी घरातली सगळी जनावरं भरली होती. मी डबा उचलला आणि होता तिथे ठेवून आले. मनू दारात उभी राहून सगळं बघत होती.

मामा गेल्या भातकापणीनंतर गेले. चार दिवस ताप आला आणि संपलं. खोटं कशाला बोलू, माझ्या वडिलांसाठी रडले तेवढीच मी त्यांच्यासाठी रडले.

दिवस झाल्यावर पाहुणे पांगले. आता टोकावड्याला सासूबाई एकट्याच राहणार होत्या, आमच्यासोबत यायला त्या तयार नव्हत्या. "कोन येतंय आता हिकडं," एवढंच त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून नाही. नवरा उठला, माळ्यावरून तो डबा काढला, पत्र्याचा तुकडा घेतला आणि पडवीत मामांच्या जागेवर बसला. "मनू, वासरू आण," तो म्हणाला. "आजोबांचं राहिलेलं काम आपण पुरं करून टाकू."

मनूने वासरू आणलं, पण त्याच्या हातात दिलं नाही. तिने ते कानाशी धरलं, रिकामा पाय ठोकला, ऐकलं. मग डब्याकडे बघितलं. डबा तिच्या पुढ्यात उघडा होता.

"लांबी संपलीय, बाबा," ती म्हणाली.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी सासूबाईंकडे. त्यांनी पदराने डोळे पुसले, डबा जवळ ओढून घेतला आणि त्याचं झाकण घट्ट दाबून लावलं.

"मंग पुढच्या टायमाला आलात की भरा," त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.