समोरच्या फ्लॅटमधले काका

सिंगापूरच्या बिशान भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका दर रविवारी मला एकच जुना जपानी सिनेमा दाखवतात. गावातला एक उर्मट तरुण तलवार शिकतो, मार खातो आणि हळूहळू मोठा सामुराई होतो. काका सबटायटल्स मराठीतून मोठ्यानं वाचतात, मनची दोन वाक्यंही घालतात. "बघा हं, आता वळण लागेल त्याला!"

गेल्या महिन्यात सिनेमा चालू असतानाच त्यांची मुलगी बॅग घेऊन बाहेर आली. तिला ओसाकात नोकरी लागली होती.

"बाबा, टॅक्सी आली. आय गो फर्स्ट लाह, निघते मी."

"पासपोर्ट घेतलास ना?" काकांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. दार लागलं.

तरुणानं पहिलं द्वंद्व जिंकलं. काका पुटपुटले, "हरला असता तर घरी परत आला असता, नाही?"

तेवढ्यात ते उठले. "चला, एअरपोर्टला."

"निरोप द्यायला की थांबवायला?" मी लिफ्टमध्ये विचारलं.

"तेच कळत नाहीये हो."

एअरपोर्टवर ती भेटली. "तिकडे थंडी असते," एवढंच काका म्हणाले. तिची बॅग त्यांनी हातात घेतली आणि बराच वेळ सोडलीच नाही.