चावी न देता चालणारं घड्याळ

भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आलो. यशवंतपूरच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करायचो, म्हणजे संशय घेणं हाच धंदा... पण तो माणसांवर, भुतांवर नाही.

१९९५ची गोष्ट. चामराजपेटच्या घरात मी, बायको आणि वहिनी. दादा नोकरीसाठी दुबईला होता. मला नाद एकच — सोन्याची जुनी मनगटी घड्याळं. त्यातही स्प्रिंगसारख्या वेटोळ्या पट्ट्याची, ताणून हातात सरकवायची. पाच जमवली होती. एकालाही चावी द्यायची नाही, हा माझा नियम. आतलं तेल सुकलेलं असतं, चाकं झिजतात. दर रविवारी फक्त पुसायची.

एका रविवारी कपाट उघडलं तर त्यातलं बायकी घड्याळ चालू! वेळही बरोबर. एकदा चावी दिली की ते फार तर दीड दिवस चालणार, म्हणजे कुणीतरी दिलीच होती. कपाटाची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असायची. आणि ते घड्याळ वहिनींनी एकदा माझ्यादेखत हौसेनं घालून पाहिलं होतं... झालं, मला चोर सापडला.

जेवताना मी बोललो, "वहिनी, हौस असेल तर सांगून घाला. चोरून कशाला?"

"मी हात लावला नाही, भावजी," एवढंच म्हणून त्या पानावरून उठल्या. दुसऱ्या दिवशी बेळगावला माहेरी गेल्या. बायकोही माझ्यावर चिडून त्यांच्याबरोबर गेली.

मी किल्ली जानव्याला बांधली. आंघोळीलाही काढली नाही. घरात मी एकटा. पुढच्या रविवारी कपाट उघडलं... टिकटिक. रेडिओशी वेळ ताडून पाहिली, मिनिटाचाही फरक नाही.

गल्लीतल्या घड्याळजीनं ते उघडून पाहिलं. म्हणाला, "अण्णा, मशीन सरी आहे, ठीक आहे. पण तेल स्वल्पही नाही. हे चालायलाच नको." आठ दिवस त्याच्याकडे ठेवलं, तिथे काटा हलला नाही. घरी आणलं, रविवारी पुन्हा चालू.

मी तडक बेळगाव गाठलं, वहिनींचे पाय धरले, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा दिला आणि विचारलं, "आता कुणाचं नाव घेणार, भावजी?"

बायको परत आली. त्या नाही आल्या. पुढे दुबईहून परतल्यावर दादानं येलहंकात वेगळं बिऱ्हाड केलं. सणालाही आमच्याकडे यायचं टाळतात. फार लागतं मनाला.

घड्याळ अजून आहे. कपाट उघडलं की टिकटिक ऐकू येते. चावी कोण देतं, मला आजही माहीत नाही... वहिनी देत नव्हत्या, एवढंच माहीत आहे.