उचगावच्या मावशींचा अंगठा

"कुठलं गाव पावणं, आन् काय मोडलंय?"

शाहूपुरीतल्या आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मावशी अशा शिरायच्या. चपला काढता काढताच बाकावरच्या माणसाला हा प्रश्न जायचा. मोडलेलं बहुधा कुणाचं काही नसायचं. कुणाची मान अवघडलेली, कुणाचा गुडघा सुजलेला. पण दवाखान्यात माणसं कशी बसतात ते तुम्हीही पाहिलं असेल: मोबाइलमध्ये डोकं घालून, शेजारच्याला आपला धक्का लागू न देता. मावशी आल्या की डोकी वर व्हायची.

मंगळवार पेठेतले एक निवृत्त मास्तर मानेला पट्टा लावून यायचे आणि कुणाशी अवाक्षर बोलायचे नाहीत. मावशींनी त्यांना विचारलं, "मास्तर, मान तर हलत न्हाई. मग न्हाई म्हणायचं असलं तर घरात कसं म्हणता वो?"

मास्तर पट्ट्यातल्या पट्ट्यात हसले. "आमच्या घरात तशी वेळच येत नाही," म्हणाले. त्यानंतर ते मावशींची वेळ विचारून आपली वेळ घेऊ लागले.

मावशी उचगावच्या. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ त्यांना सूज होती. भरलेलं ताट हातातून निसटायचं, लुगडं पिळता यायचं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी लहानसं ऑपरेशन सुचवलं होतं, पण त्याआधी काही आठवडे लेसर आणि व्यायाम करून बघा, म्हणून माझ्याकडे पाठवलं होतं.

"म्हशीची धार तुम्हीच काढता ना? कशी काढता, दाखवा बरं," मी म्हणाले.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, सड म्हणून माझीच दोन बोटं धरली आणि अंगठा मुठीत दुमडून अशी काही पिळली, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा, पान्हा सोडला की," मावशी म्हणाल्या.

दुखणं तिथंच होतं. वर्षानुवर्षं दोन्ही वेळा दुमडलेल्या अंगठ्यावर ताण येत होता. मी लेसरचं यंत्र जवळ घेतलं, त्यांना गडद चष्मा घातला, स्वतः घातला आणि पेनासारखं टोक अंगठ्याच्या मुळाशी टेकवलं. मावशींनी श्वास रोखून धरला. मग हळूच म्हणाल्या, "चालू हाय न्हवं? चटका कसा बसंना?"

"हा चटक्याचा लेसर नाही, मावशी. नुसता उजेड आत जातो. सूज उतरायला मदत होते."

"असला उजेड घरातल्यांच्या डोसक्यातबी घाला की जरा."

सोबत त्यांचे मालक आले होते. पातळ अंगाचे, कमी बोलणारे. मावशींनी त्यांना चष्म्यातला आपला फोटो काढायला लावला आणि तो उचगावात किती जणींना दाखवला असेल, देव जाणे.

खरी पंचाईत पुढंच होती. अंगठ्याला पट्टा बांधायचा आणि धार काही आठवडे बंद. मावशींचा चेहरा उतरला. "ती दुसऱ्याला हात लावू देत न्हाई, ताई. आटली म्हंजे?"

मालकांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मी काढतो की."

"तुमी? तुमास्नी दुधाची पिशवी फोडाय येत न्हाई."

पुढच्या वेळी मालक लंगडत आले. मावशींचं लुगडं अंगाभोवती गुंडाळून ते म्हशीखाली बसले होते. म्हस फसली, पण मालकांना खोकला आला. लाथ गुडघ्यावर बसली. मावशी सांगता सांगता पदरात तोंड लपवून हसत होत्या. "ह्यास्नीबी एक चष्मा द्या." त्या दिवशी दोघं गडद चष्मे लावून शेजारी शेजारी बसली. मावशींचा अंगठा आधी, मग मालकांचा गुडघा.

एकदा मात्र मावशी आल्या आणि कुणाला काही न विचारता बाकाच्या टोकाला बसल्या. मास्तर दोनदा खाकरले, तरी त्यांनी वर पाहिलं नाही. आत आल्यावर मी विचारलं, तेव्हा कळलं. मुलगा नोकरीला, दुधाची पिशवी दुकानात मिळतेच, आईचा हात कामातनं गेला. मग म्हस कशाला ठेवायची, असं त्याचं म्हणणं. सकाळी तो गिऱ्हाईक घेऊन आला होता.

"खोटं न्हाई बोलत पोरगं," मावशी म्हणाल्या. "पण माझा पाय गोठ्यात पडला की ती हंबरती. दुसरं कोण माझी एवढी वाट बघतंय?"

पट्ट्यात बांधलेला हात माझ्या हातात होता. दारात उभे असलेले मालक म्हणाले, "गिऱ्हाइकाला मी च्या पाजून लावून दिलंय. म्हस जात न्हाई."

"कधी?" मावशींनी मान वळवली.

"तू पट्टा बांधत हुतीस तवा. आन् आज तिनं मला लुगड्याबिगर धार काढू दिली. दोन्ही सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बघ."

मावशी नवऱ्याकडं तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, "एवढं बोलाय येतंय, मग इतकी वर्सं काय केलंसा?"

त्यानंतर हात सुधारत गेला. लेसरनं किती, पट्ट्यानं किती आणि विश्रांतीनं किती, याची वाटणी मला करता येणार नाही. रबराचा चेंडू दाबताना मावशी त्याला म्हशीच्या नावानं हाक मारायच्या. अंगठा न दुमडता सगळ्या मुठीनं धार काढायची सवय त्यांनी त्या चेंडूवरच लावून घेतली. ऑपरेशनची गरज उरली नाही आणि त्यांचं येणं थांबलं. मास्तरांची मानही बरी झाली होती, तरी ते दोनदा उगाच डोकावून गेले.

मग काही महिन्यांनी एक दिवस मालकांचा फोन आला. म्हस व्याली होती. खरवस खायला घरी या म्हणाले.

गेले तेव्हा संध्याकाळ होती. मालक म्हशीखाली बसून धार काढत होते, बादलीत फेस वर येत होता, आणि मावशी त्यांना मोठ्यानं चुका सांगत होत्या. त्यांच्या पायाशी नवं रेडकू होतं, पायांवर नीट उभंही राहता न येणारं. त्यानं मावशींचा उजवा अंगठा मुळापर्यंत तोंडात घेतला होता आणि डोळे मिटून ते तो चोखत होतं. मावशींनी मला बघून डाव्या हातानं बसायची खूण केली. उजवा त्यांनी सोडवून घेतला नाही.